जनरलसाहेब का नाचले? इंडोनेशियाच्या निवडणुकांमधला जलसा समजून घेताना

मार्च २०१४ मध्ये जकार्ताच्या गेलोरा बुंग कार्नो स्टेडियमवर प्राबोवो सुबियांतो यांची प्रचारसभा झाली. प्राबोवो म्हणजे माजी लेफ्टनंट जनरल आणि तीन दशकं देशावर एकहाती राज्य केलेल्या सुहार्तोंचे एके काळचे जावई. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर काळी टोपी, कमरेला क्रिस हा जावाचा पारंपरिक खंजीर आणि खाली उमदा घोडा. घोड्यावर बसूनच त्यांनी रांगेत उभ्या कार्यकर्त्यांची पाहणी केली. ती निवडणूक ते हरले. २०१९ मध्ये पुन्हा हरले. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये उमेदवारांच्या क्रमांकांची सोडत निघाली, त्यांच्या वाट्याला २ नंबर आला आणि बहात्तर वर्षांचे हे गृहस्थ कॅमेऱ्यांसमोर हात आणि कंबर हलवत नाचले. तो नाच टिकटॉकवर लाखो पोरांनी उचलला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ५८.६ टक्के मतं घेऊन ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

माणूस तोच, पक्ष तोच, महत्त्वाकांक्षाही तीच. फक्त घोडा जाऊन नाच आला.

यावर सहज सुचणारं स्पष्टीकरण असं, की मतदार भाबडे असतात, नवीन लोकशाहीत लोकांना धोरणं कळत नाहीत, त्यांना नट किंवा राजा लागतो. आपल्याकडे दिवाणखान्यात बसून राजकारण बोलणाऱ्यांचंही हेच आवडतं मत असतं. मला ते पटत नाही. इंडोनेशियाचा इतिहास नीट पाहिला तर उलटंच दिसतं. निवडणुकीचा जलसा होतो तो मतदारांच्या स्वभावामुळे कमी आणि निवडणुकीच्या नियमांमुळे जास्त. नियम असे केले गेले, की पक्ष पोकळ झाले. मग मतपत्रिकेवर उरला तो चेहरा.

आधी चेहरे नव्हते, पक्ष होते

इंडोनेशियाची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५५ साली झाली. देश गरीब होता, बहुसंख्य लोक खेड्यात राहत होते, साक्षरता कमी होती. भाबडेपणाच्या सिद्धांतानुसार तेव्हा तर व्यक्तिपूजेचा कळस व्हायला हवा होता, कारण सुकार्नोंसारखा गर्दी खेचणारा वक्ता राष्ट्राध्यक्ष होता. प्रत्यक्षात मतं गेली पक्षांना. राष्ट्रवादी पीएनआयला सुमारे २२ टक्के, शहरी-सुधारणावादी मुस्लिमांच्या मास्युमीला २१, ग्रामीण उलेमांच्या नाहदलातुल उलामाला १८ आणि कम्युनिस्ट पक्षाला १६. चौघांत मिळून तीन-चतुर्थांशाहून जास्त मतं. प्रत्येकाच्या मागे शाळा, शेतकरी संघटना, महिला मंडळं, वर्तमानपत्रं होती. आपलं घर कुठल्या प्रवाहातलं आहे हे खेड्यातल्या माणसाला ठाऊक होतं आणि तो त्यानुसार मत देत होता.

हे सगळं दोन टप्प्यांत उद्ध्वस्त झालं. आधी १९५९ मध्ये सुकार्नोंनीच संसदीय पद्धत गुंडाळून ‘मार्गदर्शित लोकशाही’ आणली. मग १९६५-६६ मध्ये लष्कराच्या पुढाकाराने कम्युनिस्ट आणि त्यांचे समजले गेलेले लोक मारले गेले. इतिहासकारांचा अंदाज पाच लाख किंवा त्याहून अधिक मृत्यूंचा आहे. एक आख्खा पक्ष तर संपलाच, पण राजकीय संघटनेत जाणं म्हणजे जिवावर बेतणं, हा धडा उरलेल्यांनाही मिळाला.

सत्तेवर आलेल्या सुहार्तोंनी निवडणुका बंद केल्या नाहीत. ही गोष्ट आपण सहसा विसरतो. १९७१ पासून १९९७ पर्यंत सहा निवडणुका झाल्या आणि प्रत्येक वेळी गोल्कार ही सरकारी संघटना ६२ ते ७४ टक्क्यांच्या घरात मतं घेऊन जिंकली. १९७३ मध्ये बाकी सगळे पक्ष दोन खोक्यांत कोंबले गेले. मुस्लिम पक्षांचा मिळून पीपीपी झाला, राष्ट्रवादी आणि ख्रिस्ती पक्षांचा मिळून पीडीआय. १९७५ च्या कायद्याने पक्षांना जिल्ह्याच्या खाली शाखा ठेवायला बंदी घातली. खेड्यातल्या लोकांनी एरवी राजकारणापासून लांब राहावं, शेती करावी, विकासाला हातभार लावावा आणि पाच वर्षांतून एकदा येऊन मत द्यावं, अशी ही कल्पना. तिला नाव होतं ‘तरंगता जनसमूह’, म्हणजे कुठेच मुळं न रुजलेला. गोल्कारला मात्र ही अडचण नव्हती, कारण गावचा सरकारी नोकर हाच तिचा कार्यकर्ता.

पाच वर्षांतून एकदा मग काय करायचं? तर उत्सव. ‘लोकशाहीचा जलसा’ हा आज इंडोनेशियात सर्रास वापरला जाणारा शब्दप्रयोग सुहार्तोंच्या काळात रुळला. निवडणूक म्हणजे भांडण नव्हे, मतभेद नव्हे, सगळ्यांनी मिळून साजरा करायचा सण. पिवळा हा गोल्कारचा रंग. १९९० च्या दशकात मध्य जावात कुंपणं, फुटपाथच्या कडा, इतकंच काय झाडंही पिवळी रंगवण्याची सरकारी मोहीम निघाली होती. मोटारसायकलींचे ताफे, टी-शर्ट, आणि मैदानावर डांगडुटचा कार्यक्रम. डांगडुट हे तिथलं लोकप्रिय नाचगाणं. आपल्या कानाला ते ओळखीचं वाटतं, कारण त्याच्या घडणीत मलय आणि अरबी सुरावटींबरोबर हिंदी चित्रपटसंगीताचा मोठा वाटा आहे आणि ठेका चक्क तबल्याच्या वळणाचा. या प्रकारातले सर्वांत मोठे गायक रोमा इरामा १९७७ आणि १९८२ मध्ये विरोधी पीपीपीसाठी गात फिरले आणि सरकारला घाम फुटला. १९९७ पर्यंत तेच गोल्कारच्या मंचावर आले होते.

म्हणजे जलशाची ही पद्धत १९९८ नंतरच्या स्वातंत्र्यातून उगवलेली नाही. हुकूमशाहीने ती कसून तयार केली आणि नव्या लोकशाहीला आंदण दिली. पक्षाचं काम, चर्चा, संघटना हे सारं काढून घेतलं आणि मंडप तेवढा ठेवला.

७ टक्क्यांचा पक्ष, ६० टक्क्यांचा नेता

आशियाई आर्थिक संकटात रुपिया कोसळला, विद्यार्थी रस्त्यावर आले आणि २१ मे १९९८ रोजी सुहार्तोंनी राजीनामा दिला. जून १९९९ च्या पहिल्या मोकळ्या निवडणुकीत ४८ पक्ष उतरले. जकार्ताचे रस्ते लाल झाले ते सुकार्नोंच्या कन्या मेगावती यांच्या पीडीआय-पी पक्षाने. त्यांना ३३.७ टक्के मतं मिळाली, पण राष्ट्राध्यक्ष निवडायचा अधिकार तेव्हा लोकप्रतिनिधींच्या सभेकडे होता आणि तिथल्या जुळवाजुळवीत अब्दुर्रहमान वाहिद निवडून आले. २००१ मध्ये त्याच सभेने त्यांना हटवून मेगावतींना बसवलं. असे सौदे नकोत, लोकांनीच निवडावं, या रास्त मागणीतून घटना बदलली आणि २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक सुरू झाली.

इथे पहिला सांधा बदलला. थेट निवडणुकीत पक्ष दुय्यम ठरतो. मेगावतींच्या मंत्रिमंडळातले ज्येष्ठ मंत्री सुसिलो बाम्बांग युधोयोनो यांना बैठकांतून डावललं जात असल्याच्या बातम्या आल्या, मेगावतींच्या पतीने त्यांच्यावर पोरकट म्हणून टीका केली आणि मार्च २००४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. देशभर त्यांच्याबद्दल सहानुभूतीची लाट उसळली. गंमत अशी, की १९९९ मध्ये मेगावतींनाही अशाच लाटेने तारलं होतं. सुहार्तोंच्या राजवटीने त्यांना पक्षाध्यक्षपदावरून हुसकलं होतं आणि जुलै १९९६ मध्ये त्यांच्या पक्षकार्यालयावर हल्ला झाला होता. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूने उभं राहायचं, हे इंडोनेशियन मतदाराच्या मनात खोल रुजलेलं आहे आणि प्रत्येक प्रचारतज्ज्ञाला ते पाठ आहे.

आता आकडे पाहा. एप्रिल २००४ च्या संसदीय निवडणुकीत युधोयोनोंच्या तीनच वर्षं वयाच्या डेमोक्रॅट पक्षाला साडेसात टक्क्यांच्या आसपास मतं होती. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या फेरीत स्वतः युधोयोनोंना ६०.६ टक्के. पुढे २००९ मध्ये पक्ष जवळजवळ २१ टक्क्यांवर गेला. २०१४ मध्ये दोन कारकिर्दींच्या मर्यादेमुळे युधोयोनो उभे राहू शकत नव्हते, भ्रष्टाचाराची प्रकरणंही उघड झाली होती, तर पक्ष घसरून १० टक्क्यांवर आला. पक्ष नेत्याच्या मागे सावलीसारखा लांब-आखूड होत गेला.

युधोयोनो धिप्पाड, मोजकं बोलणारे आणि गाण्याचा षौक असलेले. राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी स्वतःच्या गाण्यांचे अल्बम काढले. २००९ च्या प्रचारात एका प्रसिद्ध इन्स्टंट नूडल्सच्या जाहिरातीची चाल घेऊन तिच्यावर त्यांचं प्रचारगीत बेतलं गेलं. लहान मुलांनाही ती चाल येत होती. मतदानकल चाचण्या घेणाऱ्या आणि उमेदवाराची ‘प्रतिमा’ घडवणाऱ्या व्यावसायिक संस्थांचा धंदा याच दशकात फोफावला. त्यांच्या चाचण्यांवरून पक्ष तिकीट देतात, म्हणून उमेदवार आधी चाचण्यांत वर यायला जाहिरात करतो. धोरण काय, हा प्रश्न या साखळीत कुठे येतच नाही.

शत्रू आपल्याच पक्षातला

राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जगाला दिसते. पण व्यक्तिकेंद्री राजकारणाचा खरा कारखाना संसदेच्या आणि जिल्हा सभागृहांच्या निवडणुकीत आहे, आणि तो चालतो एका तांत्रिक नियमावर. तो समजून घ्यायला थोडा वेळ दिला तर बाकीचं आपोआप उलगडतं.

इंडोनेशियात एका मतदारसंघातून एक खासदार निवडला जात नाही. राष्ट्रीय संसदेसाठी मतदारसंघ मोठे असतात आणि प्रत्येकातून ३ ते १० जण निवडून जातात. पक्षाला जितकी मतं, त्या प्रमाणात जागा. प्रश्न असा, की पक्षाच्या यादीतला नेमका कोण त्या जागेवर जाणार? पूर्वी यादीतल्या क्रमाला महत्त्व होतं आणि क्रम पक्षश्रेष्ठी ठरवत. डिसेंबर २००८ मध्ये घटना न्यायालयाने सांगितलं, की हे लोकशाहीला धरून नाही, यादीतल्या ज्या उमेदवाराला सर्वाधिक व्यक्तिगत मतं मिळतील तोच निवडून आला पाहिजे. हेतू चांगला होता. श्रेष्ठींच्या हातातला चाबूक काढून मतदाराच्या हाती निवड द्यायची.

आता उदाहरण घेऊ. सात जागांचा मतदारसंघ आहे. आपल्या पक्षाची तिथली ताकद साधारण एका जागेची. पक्षाने सात उमेदवार उभे केले आहेत. समजा, पक्षाच्या सगळ्यांना मिळून सव्वा लाख मतं पडणार. त्यातली एकाला ३१ हजार, दुसऱ्याला साडेएकोणतीस हजार, बाकीची इतरांत विभागून. पहिला संसदेत जातो, दुसरा घरी. दोघांचा पक्ष एक, झेंडा एक, जाहीरनामा एक. मग दुसऱ्याने पहिल्यापेक्षा आपण वेगळे कसे आहोत हे मतदाराला सांगायचं तरी काय? पक्षाचं धोरण सांगून उपयोग नाही, ते दोघांचं एकच. म्हणून तो स्वतःचा मोठा फोटो लावतो, गावच्या मशिदीला फरशी बसवून देतो, डांगडुटची गायिका आणतो, हास्य कलाकार आणतो. आपल्याकडच्या ‘पाडापाडी’च्या राजकारणाला तिथे कायद्याचंच अधिष्ठान आहे.

आणि शेवटी पैसा. वरच्या उदाहरणातला फरक फक्त दीड हजार मतांचा आहे. तेवढी पाकिटं वाटणं परवडतं. मतदानाच्या आदल्या रात्री किंवा भल्या पहाटे घरोघर पोचणाऱ्या या पाकिटांना तिथे ‘पहाटेचा हल्ला’ म्हणतात. आपण लक्ष्मीदर्शन म्हणतो, तेच. पाकिटात ५० हजार किंवा एक लाख रुपिया, म्हणजे आपल्या पैशांत साधारण पावणेतीनशे ते साडेपाचशे रुपये. पक्षाची यंत्रणा सातही उमेदवारांची सामायिक, म्हणून प्रत्येक जण स्वतःची ‘यशस्वी चमू’ उभी करतो. हे लोक पक्षाचे नसतात, उमेदवाराचे असतात आणि बऱ्याचदा दोन-तीन उमेदवारांचे एकदमच असतात. बरीच पाकिटं वाटेतच जिरतात आणि ज्यांना मिळतात तेही मत देतीलच याची खात्री नसते. तरी उमेदवार वाटतात, कारण बाकीचे वाटत असतात. निवडणुकीनंतर हरलेल्या, कर्जात बुडालेल्या उमेदवारांसाठी मनोरुग्णालयं खोल्या राखून ठेवतात, ही बातमी तिथे दर वेळी येते.

२०२४ मध्ये एकाच दिवशी सुमारे २० हजार जागांसाठी अडीच लाखांच्या आसपास उमेदवार उभे होते. मतदाराच्या हाती पाच मतपत्रिका, त्यातल्या काही वर्तमानपत्राएवढ्या, आणि खिळ्याने भोक पाडायचं. इतक्या नावांत ओळखीचा चेहराच उपयोगी पडणार. कोमेंग नावाने प्रसिद्ध असलेल्या विनोदी कलाकाराने पश्चिम जावातून वरिष्ठ सभागृहासाठी अर्ज भरला आणि मतपत्रिकेवर डोळे वटारून वेडावणारा फोटो दिला. फलकबाजी जवळपास नाही. मतं मिळाली ५० लाखांहून जास्त. पॅन या पक्षाने इतके नटनट्या उभे केले, की त्याच्या आद्याक्षरांची फोड लोक थट्टेने ‘राष्ट्रीय कलाकार पक्ष’ अशी करतात.

पक्ष काढायचा तर प्रत्येक प्रांतात कार्यालय हवं आणि प्रांतातल्या तीन-चतुर्थांश जिल्ह्यांतही. हा खर्च सामान्य कार्यकर्त्यांच्या वर्गणीतून निघत नाही. म्हणून पक्ष काढतात ते माजी जनरल किंवा उद्योगपती. गेरिंद्रा प्राबोवोंचा, हानुरा जनरल विरांतोंचा, नासडेम मेट्रो टीव्हीचे मालक सूर्या पालोह यांचा. २०१४ मध्ये तर कुठल्या वाहिनीवर कोण जिंकतोय हे मालकावरून ठरलं. टीव्हीवनने मतदानाच्या संध्याकाळी प्राबोवो जिंकल्याचे अंदाज दाखवले, मेट्रोवर प्रतिस्पर्धी उमेदवार जोकोवी जिंकत होते आणि मेट्रो बरोबर निघाली. नुसत्या गाजावाजाने जिंकता येतं असंही नाही बरं का. वाहिन्यांचं साम्राज्य असलेल्या हारी तानुसुदिब्यो यांच्या पेरिंदो पक्षाचं गाणं टीव्हीवर दिवसातून इतक्या वेळा वाजायचं, की लोकांना ते तोंडपाठ झालं. २०१९ मध्ये पक्षाला पावणेतीन टक्केही मिळाले नाहीत. संसदेत जायला तेव्हा ४ लागत.

फर्निचरवाला

या सगळ्या यंत्रणेतून एक माणूस असा आला, ज्याच्यामुळे जलशाला सरसकट शिव्या देणं अवघड होतं. जोको विडोडो, म्हणजे जोकोवी, सोलो शहरातले फर्निचरचे व्यापारी. नदीकाठच्या वस्तीत वाढलेले, ना जनरल ना कुणाचे चिरंजीव. महापौर असताना ते न सांगता बाजारात, वस्त्यांत, सरकारी कचेऱ्यांत जाऊन उभे राहायचे. पाठोपाठ कॅमेरेही जायचे, हे खरं. २०१२ मध्ये जकार्ताच्या राज्यपालपदासाठी ते चौकड्यांचा शर्ट घालून फिरले आणि तो शर्ट रस्तोरस्ती विकला जाऊ लागला. २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा पक्षयंत्रणा थंड होती. मेगावती त्यांना उघडपणे पक्षाचे कामगार म्हणत. प्रचार उचलला तो पक्षाबाहेरच्या स्वयंसेवकांनी. मतदानाआधी चार दिवस, ५ जुलैला, गेलोरा बुंग कार्नोवर रॉक बँड स्लँकसह कलाकारांनी विनामोबदला मैफल केली. दोन बोटं वर करून गाणारी ती प्रचंड गर्दी पाहून वारं फिरलं, असं पुष्कळ निरीक्षकांचं मत आहे. निकाल ५३ विरुद्ध ४७ टक्के असा लागला.

पण व्यक्तीच्या बळावर आलेला नेता पुढे पक्षाकडे नव्हे, घराकडे वळतो, हेही त्यांनीच दाखवलं. थोरला मुलगा गिब्रान सोलोचा महापौर झाला. धाकटा कायसांग सप्टेंबर २०२३ मध्ये पीएसआय पक्षात दाखल झाला आणि दोन दिवसांत त्या पक्षाचा अध्यक्ष. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी वयाची अट चाळिशीची होती आणि गिब्रान ३६ वर्षांचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये घटना न्यायालयाने निकाल दिला, की निवडून आलेल्या स्थानिक पदाधिकाऱ्याला ही अट लागू नाही. सरन्यायाधीश अन्वर उस्मान हे जोकोवींचे मेहुणे. नैतिकतेच्या मुद्द्यावर त्यांना सरन्यायाधीशपद सोडावं लागलं, पण निकाल राहिला. गिब्रान प्राबोवोंचा जोडीदार झाला. दोनदा ज्यांना हरवलं त्याच प्राबोवोंना जोकोवींनी २०१९ मध्ये संरक्षणमंत्री केलं होतंच.

गुबगुबीत आजोबा

तर नाचाकडे परत येऊ. प्राबोवोंच्या प्रचारकांपुढचा प्रश्न सरळ होता. १९९७-९८ मध्ये लोकशाहीवादी कार्यकर्त्यांच्या अपहरणाचं प्रकरण त्यांच्या तुकडीशी जोडलेलं. लष्करी अधिकाऱ्यांच्या मंडळाच्या चौकशीनंतर १९९८ मध्ये त्यांना सेवेतून काढलं गेलं. १३ जण आजतागायत सापडलेले नाहीत. प्राबोवोंवर स्वतः कधी खटला चालला नाही आणि ते गैरकृत्याचे आरोप नाकारत आले आहेत. २०१४ चा घोडा हे सगळं आठवून देत होता. २०२४ साठी त्यांना ‘गेमोय’ केलं गेलं, म्हणजे गोंडस, गालगुच्चा घ्यावासा वाटणारा. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं त्यांचं टुकटुकीत गालांचं व्यंगचित्र फलकांवर, टी-शर्टांवर, मोबाइलवर झळकलं.

मतदार यादीत निम्म्याहून जास्त लोक चाळिशीच्या आतले होते. २५ वर्षांच्या मतदाराचा जन्म सुहार्तोंची सत्ता गेल्यानंतरचा. शाळेच्या पुस्तकांत १९९८ चा अध्याय पातळ. त्याला अपहरणं माहीत नाहीत याचा दोष त्याला द्यायचा का? जकार्तात राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर जानेवारी २००७ पासून दर गुरुवारी बेपत्ता आणि मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक काळ्या छत्र्या घेऊन उभे राहतात. त्यांचं म्हणणं ऐकून घेणारा आयोग, खटला, पाठ्यपुस्तक यातलं काही नीट झालं असतं तर व्यंगचित्राला इतकी मोकळी पाटी मिळाली नसती. जानेवारी २०२४ मध्ये तर गोल्कारच्या एका नेत्याने कृत्रिम बुद्धिमत्तेने बोलता केलेला सुहार्तोच लोकांसमोर आणला. मेलेला हुकूमशहा मतदान करा म्हणून सांगत होता.

पण नाच सोडून काहीच नव्हतं असं समजणं हा पुन्हा मतदाराला मूर्ख ठरवण्याचा प्रकार होईल. प्राबोवोंनी शाळकरी मुलांना मोफत जेवण कबूल केलं होतं आणि जानेवारी २०२५ मध्ये ती योजना सुरूही झाली. जोकोवींची लोकप्रियता ७० टक्क्यांच्या वर होती आणि त्यांचं काम पुढे चालवू, हे आश्वासन गरिबांना समजणारं होतं. वादविवादात प्रतिस्पर्धी उमेदवार अनीस बास्वेदान यांनी संरक्षण खात्याला १०० पैकी ११ गुण दिले, त्यानंतर टिकटॉकवर बिचाऱ्या आजोबांसाठी रडणाऱ्या पोरांचे व्हिडिओ आले. अन्याय झालेल्याच्या बाजूने उभं राहायचं, तीच जुनी सवय. अनीस यांचाही प्रचार काही रूक्ष नव्हता. त्यांच्या चाहत्यांनी कोरियन पॉप बँडच्या चाहत्यांच्या धर्तीवर पंथच उभा केला होता. त्याच दिवशी त्याच लोकांनी संसदेसाठी सर्वाधिक मतं दिली पीडीआय-पीला, ज्यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार तिसरा आला. प्राबोवोंच्या गेरिंद्राला १३ टक्केच मिळाले.

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या प्रजासत्ताक दिनाला प्राबोवो प्रमुख पाहुणे होते. राष्ट्रपती भवनातल्या मेजवानीत त्यांनी सांगितलं, की चाचणीत त्यांच्या डीएनएत भारतीय अंश निघाला आणि भारतीय संगीत कानी पडलं की ते नाचायला लागतात. आपल्याकडे सगळे हसले. ते वाक्य प्रचारातून पुरून उरलेलं होतं.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला संसदेच्या वार्षिक अधिवेशनाच्या दिवशी वाजवलेल्या गाण्यांवर खासदार नाचले. त्यात कलाकार-खासदारही होते. याच सुमारास कळलं, की खासदारांना दरमहा ५ कोटी रुपियांचा घरभत्ता मिळतो, जकार्तातल्या किमान वेतनाच्या जवळपास दहापट. ज्या हालचालींवर दीड वर्षापूर्वी पोरं फिदा होती, त्याच हालचाली पाहून रस्ते पेटले. २८ ऑगस्टला मोटारसायकलवरून डिलिव्हरी करणारा एक तरुण पोलिसांच्या चिलखती गाडीखाली मेला. पुढच्या दोन-तीन दिवसांत काही खासदारांची घरं लुटली गेली, त्यात पॅन पक्षाचे दोन लोकप्रिय टीव्ही कलाकारही होते. भत्ता रद्द झाला.

या एकूण जलशाकडे बोट दाखवून इंडोनेशियातल्या नेत्यांचा एक गट म्हणतो, बघा, निवडणुका फार महाग झाल्या, फार तमाशा झाला, तेव्हा निदान राज्यपाल आणि महापौर तरी लोकांनी थेट निवडू नयेत, सभागृहांनी निवडावेत. डिसेंबर २०२४ मध्ये प्राबोवोंनी गोल्कारच्या समारंभात हेच सुचवलं आणि काटकसरीचे दाखले म्हणून मलेशिया, सिंगापूर आणि भारताची नावं घेतली. महाराष्ट्रात आपण थेट सरपंच २०१७ मध्ये आणला, २०२० मध्ये काढला, २०२२ मध्ये परत आणला, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. सप्टेंबर २०१४ मध्ये इंडोनेशियाच्या संसदेने असा कायदा केलाही होता, पण लोक इतके संतापले की युधोयोनोंना आठवड्याभरात वटहुकूम काढून तो फिरवावा लागला.

१९९९ ते २००५ या काळात महापौर सभागृहंच निवडत होती आणि तो काळ मतांच्या खरेदीसाठी बदनाम आहे. साहजिक आहे. पंचेचाळीस जणांच्या सभागृहात तेवीस पाकिटं पुरतात आणि त्यासाठी गायिका, घोडा, टी-शर्ट काही लागत नाही. थेट निवडणुका सुरू झाल्या जून २००५ मध्ये. ज्या शहरांनी त्या पहिल्या वर्षी मत दिलं त्यात सोलो होतं, आणि तिथे सुमारे ३७ टक्के मतं घेऊन एक फर्निचरवाला महापौर झाला. जुन्या पद्धतीत त्याला सभागृहाच्या पायरीशीही कुणी उभं केलं नसतं.